मॅडमचा खांदा

टीव्हीच्या पडद्यावरची ती बाई मीच आहे, हे कळायला मला जरा वेळ लागला. पांढरा कोट, केसांवर जाळीची टोपी, काचेच्या बाहेर उभी, आणि बाईंचे हात हवेत. डावा खांदा वर जातोय, कोपर आत येतंय, बोटं काहीतरी न दिसणारं उचलताहेत, चिमटीत धरताहेत, अलगद सोडताहेत. टेपला आवाज नव्हता, त्यामुळे ते आणखीच वाईट दिसत होतं. काचेच्या आत एक उमेदवार निर्जंतुक डगला चढवत होता, आणि तो जे करणार होता ते बाई त्याच्या निमिषभर आधी करत होत्या. हर्षदने रिमोट दाबून चित्र थांबवलं. माझा उजवा हात तसाच हवेत राहिला, कुणाला तरी थांब म्हणावं तसा. "विमल मॅडम, टेक्निकली बघितलं ना, तर गाऊन तुम्हीच घालताय," तो म्हणाला आणि हसला. कुचकं हसला नाही, तेवढा तो चांगल्या घरचा आहे. वर आणखी गंमत अशी की हे चित्रीकरण करा असा हट्ट माझाच होता. नव्या परीक्षकांना दाखवायला होईल, उभं कसं राहायचं ते कळेल त्यांना, असं मीच म्हणाले होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते इतकं शब्दशः कुणी केलं नसेल.

माझं काम सांगायला सोपं आहे. आमच्या कारखान्यात इंजेक्शनं भरतात. ज्या खोलीत ती भरली जातात तिथे जंतू जाता कामा नयेत, आणि जंतू घेऊन हिंडणारा सगळ्यात मोठा प्राणी म्हणजे माणूस. म्हणून आत जाणाऱ्याने डोक्यापासून पायापर्यंत निर्जंतुक कपडे चढवायचे, तेही अशा बेताने की कपड्याच्या बाहेरच्या अंगाला आपला हात, केस, जमीन, भिंत, काही म्हणजे काही लागू नये. टोप, मुखपट्टी, पायांसकट एकसंध डगला, बूट, आणि शेवटी पहिल्या हातमोज्यांवर दुसरे हातमोजे. कपडे काय, शेंबड्या पोरालाही घालता येतात, असं वाटतं. इथे चांगली शिकलेली माणसं महिनाभर झगडतात. मग मी काचेबाहेर उभी राहून त्यांची परीक्षा घेते. बोलायचं नाही, खूण करायची नाही, चूक होताना दिसली तरी होऊ द्यायची आणि शेवटी पास की नापास ते लिहायचं. नवे परीक्षक आले की मी त्यांना भाषण द्यायची. म्हणायची, भिंत व्हा. उमेदवाराने वर पाहिलं तर त्याला भिंत दिसली पाहिजे. बारा गावचं पाणी प्यायलेल्या अनुभवी बाईच्या थाटात मी हे सांगत असे, आणि ती पोरं माना डोलवत ऐकून घेत असत.

हर्षद पुण्याचा. आमचा माल परदेशात जायला लागला, अमेरिकेचे तपासनीस यायचं घाटू लागलं, तेव्हा कंपनीने त्याला गुणवत्तेचा प्रमुख म्हणून आणला. त्या दिवसांत सगळीकडे असंच चाललं होतं. जुनी माणसं आपापल्या खुर्चीत बसलेली असायची आणि एके सकाळी त्यांच्या वरच्या खुर्चीत कुणीतरी तिशीतला येऊन बसलेला असायचा. तो माझ्याशी मराठीत बोलतो. कारखान्यात माझ्याशी मराठी बोलणारा तो एकटाच, आणि माझी मराठी ऐकून त्याला मौज वाटते. "तुम्ही 'करून' काय मस्त लावता मॅडम, तो येतो करून सांगितला," असं एकदा म्हणाला होता. आमच्या पिढ्या इथे तेलुगू-दखनीच्या शेजारात गेल्या, आम्हाला ते कानाला लागतही नाही. आज मात्र त्याने जपून जपून शब्द वापरले. "गुरुवारी तुमचं री-ऑथरायझेशन आहे, परीक्षक म्हणून. मी तुमच्या शेजारी बसतो. तुम्ही एक असेसमेंट घ्यायची. हात हलले नाहीत, तर प्रश्नच मिटला."

"आणि हलले तर?"

"तर डॉक्युमेंटेशन. मॅडम, तिथेही चांगली माणसं लागतातच की."

डॉक्युमेंटेशन म्हणजे मागच्या बाजूची खोली. तिथे लोखंडी कपाटं आहेत आणि दोन बायका आहेत, ज्या जेवायलाही आपापल्या टेबलावर बसतात. तिथून कारखाना दिसत नाही, कुणाचे हात काम करताना दिसत नाहीत. मी मान हलवली. मग तो म्हणाला की माझ्याकडून पास झालेल्या सगळ्यांची पुन्हा परीक्षा होईल, आणि सुरुवात निर्जंतुक खोलीतल्या सुजातापासून करू. तिची मुदत तशीही संपत आलीय. मी "बरं" म्हणाले. दुसरं काय म्हणणार? पडद्यावरचा माझा हात अजून खाली आला नव्हता.

कंपनीची बस कुकटपल्लीहून निघते आणि एकेकाला सोडत सोडत शहरभर फिरून नल्लकुंट्याला येते, तोवर आत मी आणि ड्रायव्हर दोघंच उरतो. त्या संध्याकाळी मी हात मांडीखाली दाबून बसले होते. अमीरपेठच्या गर्दीत ड्रायव्हरने करकचून ब्रेक लावला तर माझा उजवा पाय आधीच जमिनीत रुतला होता. पुढच्या बाकावर अकाउंट्समधली एक मुलगी मैत्रिणीच्या केसात मोगरा माळत होती. आकडा नीट बसणार नाही हे मला दिसलं आणि माझी हनुवटी आपोआप डावीकडे वळली. मी स्वतःला पकडायला लागले. चोर घरातलाच निघाला की माणूस जसा प्रत्येक आवाजाला दचकतो, तशी मी माझ्याच बोटांना दचकत होते. आणि मग मला ते डोळे आठवायला लागले. मुखपट्टी चढली की माणसाचे फक्त डोळे उरतात. इतकी वर्षं ते डोळे मध्येच वर उचलले जायचे, माझ्याकडे बघायचे, पुन्हा खाली जायचे. मला वाटायचं, भीती आहे, परीक्षा आहे, घाबरणारच. म्हणून मी चेहरा आणखी कडक करायची. त्यांना माझ्या चेहऱ्याची गरजच नव्हती. डगल्याचा पाय जमिनीला लागणार असला की माझा खांदा चढायचा, टोपाची कड गळपट्टीत खोचायची राहिली की माझी बोटं गळ्याशी जायची, आणि ते सुधारून घ्यायचे. मी किती जणांना पास केलं आणि किती वेळा मी स्वतःच पास झाले, हे आता कोण सांगणार? तिथे भरलेली औषधं आजाऱ्यांच्या शिरेत जातात. नंतर हातमोज्यांचे ठसे घेऊन जंतू वाढतात का ते बघतात, ते ठसे बहुतेक स्वच्छच यायचे, हे खरं. पण मी काही ठशांच्या भरवशावर नोकरी करत नव्हते. मी माझ्या डोळ्यांच्या भरवशावर करत होते.

लाज वाटली, रागही आला. हर्षदचा आला, माझा आला, त्या सगळ्या लबाड डोळ्यांचा आला. पण या दोन्हींच्या तळाशी आणखी काहीतरी होतं, आणि ते कबूल करायला मला घरी येऊन, कुलूप काढून, दिवा लावून, चहाचं आधण ठेवेपर्यंत वेळ लागला. मला बरं वाटलं होतं. अगदी निर्लज्जपणे बरं वाटलं होतं. पन्नाशीच्या बाईकडे कुणी पाहत नाही. ही तक्रार नाही, सोयच आहे ती, रस्त्याने सुखाने चालता येतं. भाजीवाला पिशवीकडे बघतो, रिक्षावाला मागून येणाऱ्या बसकडे बघतो. वर भाड्याने राहणारं जोडपं जिन्यात भेटलं की "काय आंटी" म्हणतं आणि उत्तराच्या आत वरच्या पायरीवर पोचलेलं असतं. शशिकांत, माझा भाऊ, रविवारी पुण्याहून फोन करतो. काय चाललंय, तो विचारतो. चाललंय, मी सांगते. इकडे ये ना थोडे दिवस, तो म्हणतो, आणि त्याच्या आवाजावरून कळतं की तो बोलता बोलता पेपर चाळतोय. आणि इकडे कारखान्यात माणसंच्या माणसं माझा डावा खांदा किती अंशाने चढतो हे ओळखून होती. माझ्या बोटांची भाषा शिकली होती. माझ्याकडे इतक्या जिवाच्या आकांताने आजवर कुणी पाहिलं नव्हतं. आणि मला ते ठाऊकच नव्हतं. चहा उतू गेला.

माणसाचं अंग वाचायची विद्या मला तरी कुठे नवी होती? माझे वडील, केशवराव, जामबागेतल्या मराठी शाळेत शिकवायचे, आणि चौथीला मी त्यांच्याच वर्गात होते. घरची मुलगी म्हणून सवलत नाही, हे ते इतक्या वेळा म्हणत की मला सवलत म्हणजे काहीतरी घाण गोष्ट वाटायची. तोंडी परीक्षेला ते खुर्चीत ताठ बसत, डोळे समोरच्या भिंतीवर, चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. मुलं थरथरायची. मी नाही थरथरले कधी, कारण मला एक गोष्ट सापडली होती. टेबलाखाली त्यांच्या चपलेतला उजवा अंगठा. पोरगं पाढ्यात चुकायला लागलं की तो अंगठा खाली दाबला जायचा. बरोबर असलं की सैल पडायचा. मी खाली मान घालून पाढे म्हणायची आणि सगळ्यांना वाटायचं, केशवरावांची विमल किती विनयी. मी पहिली यायची. त्यांना अभिमान होता की त्यांनी मुलीलाही कधी झुकतं माप दिलं नाही, आणि शेवटच्या आजारपणातही ते तेच सांगत, बघायला येईल त्याला. मी उशाशी बसून "हो अप्पा" म्हणायची. आता कधी नव्हे ते मला वाटलं, सांगायला हवं होतं का? त्यांना राग आला असता, की माझ्यासारखंच, चोरून, बरं वाटलं असतं? ते आयुष्यभर स्वतःला भिंत समजले आणि घरात भिंतीसारखेच वागले, आईशीसुद्धा. बिचारीला तो अंगठा कधी सापडला नाही.

सरावाला मी आरशासमोर उभी राहिले, पण त्यात अर्थ नव्हता. हात हलतात का बघायचं तर हातच बघावे लागतात, मग समोरचं कोण बघणार? दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीत उभी राहिले. समोर इडली-डोशाची बंडी, म्हणजे हातगाडी, लागते, तिथला माणूस झपाझप डोसे टाकतो. मी हात मोकळे सोडून पाहत राहिले. आता हा चटणीच्या भांड्याला कोपर मारणार, असं माझ्या कोपराला वाटलं, आणि खरोखरच त्याने मारलं. मग मी हात पाठीमागे घट्ट गुंफले आणि पुन्हा पाहिलं. डोसा दिसत होता, तवा दिसत होता, माणूस दिसत होता. पण आता काय होणार ते कळत नव्हतं. एक डोसा उलटताना फाटला तेव्हा तो फाटल्यावरच मला दिसला. तिथे मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. म्हणजे हे हात हलणं नुसती खोड नव्हती. मी बघत होते ती हातांनी बघत होते. हात बांधले तर परवाना राहील, पण त्या परवान्याने काचेबाहेर उभी राहणारी बाई आंधळी असेल. आणि हात सोडले तर मागची खोली, लोखंडी कपाटं. कात्रीत सापडणं यालाच म्हणत असावेत. मी तशीच हात बांधून उभी राहिले, पुन्हा पुन्हा बघत राहिले. कंपनीची बस आली, हॉर्न वाजवून ड्रायव्हरने शेवटी हाका मारल्या.

बुधवारी कँटीनमध्ये सुजाता माझ्यासमोर येऊन बसली. ती वरंगळकडची, बांधा बारीक, बोलणं दणदणीत; निर्जंतुक खोलीत तीन वर्षं काम करतेय. त्याआधी पॅकिंगच्या हॉलमध्ये होती, दिवसभर उभ्याने खोकी चिकटवायची. त्या हॉलविषयी ती इतर बायका सासरविषयी बोलतात तसं बोलते. तिने डबा उघडला, गोंगुऱ्याचं, म्हणजे अंबाडीचं, लोणचं माझ्या ताटात वाढलं आणि म्हणाली, "मॅडम, वो टेप सब लोगाँ देखे. ट्रेनिंग रूम में लगाको हँसरे थे."

"हाँ," मी म्हणाले.

"हँसने दो उनकू. नवे पोट्टे हैं, क्या मालूम उनकू. हमकू तो पहले दिन सेच मालूम."

"क्या मालूम?"

"आपका खांदा." ती अगदी सहज म्हणाली. "हर बॅच में सीनियर लोगाँ बताते ना. घबराना नक्को, मॅडम का बायाँ खांदा देखते रहो. मेरेकू मेरी सीनियर बताई, मैं मेरे पीछे वालों को बताई."

म्हणजे ते एकेकट्याला सापडलं नव्हतं. ती इथली रीतच होती, हातमोजे कसे धरायचे हे शिकवतात तशी शिकवली जात होती. एक अख्खा कारखाना माझ्या मागे माझ्या खांद्याविषयी बोलत होता. "तो मेरेको किसीने बताया क्यों नहीं?" मी विचारलं. माझा आवाज चढला असावा, कारण शेजारच्या टेबलावरचे वळले.

सुजाताने मला वेड्यात काढल्यासारखं पाहिलं. "बताए तो आप बंद कर देते ना, मॅडम!"

मला हसू आलं. खरंच मोठ्याने हसले मी, आणि तीही हसली, आणि हसता हसता मला कळलं की या क्षणी मला तिचा हात धरायचाय. मी पाण्याचा ग्लास धरला. ती मग गंभीर झाली. "सच्ची है क्या? हात हिले तो आपकू पीछे फाइलाँ में डालते बोलके?"

"हौ."

"और मैं गिरी तो मेरेकू पॅकिंग में." तिने बोट चाटलं, जरा विचार केला. "आप फिकर नक्को करो." कशाची फिकीर, माझी की तिची, हे ती म्हणाली नाही आणि मी विचारलं नाही. डब्याचं झाकण लावून ती उठली. जाताना तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला, डाव्या. असं कुणी कधी करत नाही मॅडमना.

गुरुवारी मी लांब बाह्यांचं ब्लाउज घातलं होतं, जणू कापडाने हात धरून ठेवले असते. हर्षदने काचेबाहेर एक खुर्ची आणून ठेवली होती, पण ती काचेकडे तोंड करून नव्हती. माझ्याकडे तोंड करून होती. आज परीक्षा माझी होती, तेव्हा तो मलाच बघणार. मी हात पाठीमागे नेले, उजव्या हाताने डावं मनगट धरलं. सुजाता आत आली. बाकापाशी उभी राहिली, पहिले हातमोजे तिने आधीच चढवलेले होते. टोप उघडला, आतून बोटं घालून डोक्यावर घेतला, मुखपट्टी बांधली. आता तिचे फक्त डोळे राहिले. मी वाट बघत होते. डगल्याचे दोन्ही पाय आणि बाह्या तिने मुठीत गोळा केल्या, म्हणजे एकही टोक जमिनीला लोळणार नाही. इथेच माणसं वर बघतात. माझ्या मनगटात कळ आली, इतकं घट्ट धरलं होतं मी. तिने वर पाहिलं नाही. एक पाय घातला, दुसरा घातला, चेन वर घेतली. टोपाची कड गळपट्टीत खोचताना माझ्या गळ्याशी बोटं जाऊ पाहत होती, मी जाऊ दिली नाहीत, आणि ती आपलं आपण खोचत गेली, बाजूने, मागून, पुन्हा बाजूने. सुंदर काम करत होती. तिची नजर समोरच्या भिंतीवर एका जागी खिळलेली होती, फरशीच्या दोन तुकड्यांमधल्या पांढऱ्या रेघेवर असेल, आणि तिने ती तिथून काढलीच नाही. तेव्हा मला कळलं. ती विसरली नव्हती, घाबरली नव्हती. ती मुद्दाम बघत नव्हती. तिने वर पाहिलं असतं तर मी हलले असते, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. ती मला वाचवत होती.

माझे डोळे भरून आले. रडायची ती वेळ नव्हती, मी पापण्या मिटल्या नाहीत. बाकावरून पाय पलीकडे टाकून तिने बूट चढवले. राहिले दुसरे हातमोजे. हे शेवटचं आणि सगळ्यात नाजूक काम. हातमोजा वर दुमडलेला असतो, त्या दुमडीची आतली बाजूच धरायची, बाहेरच्या अंगाला बोट लावायचं नाही. उजवा तिने झकास चढवला. डावा उचलला, आणि चूक व्हायच्या आधीच मला ती कळली. कुठून कळली कोण जाणे, हात तर बांधलेले होते. तिचा अंगठा जरा जास्त आत वळला होता, दुमड सुटणार होती. खांदा चढायला लागला. मी तो खाली दाबला, अक्षरशः दाबला, मानेची शीर ताणली गेली. वर बघ, मी मनात म्हणाले. सुजाता, एकदा वर बघ. ती रेघेकडे बघत राहिली. दुमड सुटली, अंगठा हातमोज्याच्या बाहेरच्या अंगाला लागला, तळव्यापाशी, क्षणभर, आणि हातमोजा चढला. तिला कळलंसुद्धा नाही. तिने दोन्ही हात छातीसमोर धरले, नियमाप्रमाणे, आणि सरळ उभी राहिली.

"परफेक्ट," हर्षद म्हणाला. तो खुर्चीतून उठला होता, खरा आनंद झाला होता त्याला. "मॅडम, एकदाही नाही. एकदाही! मी पापणी नाही मिटली. तुम्ही डन." त्याने माझ्याशी हात मिळवला. माझं मनगट लाल झालं होतं. मग त्याने निकालाचा कागद माझ्यासमोर धरला, सुजाताचा, आणि पेन दिलं. मी लिहिलं, नापास. त्याने वाकून वाचलं. "का? मला तर काही दिसलं नाही."

"तुम्ही माझ्याकडे बघत होतात," मी म्हणाले.

त्याने कागद खाली केला. मग हळू आवाजात, अगदी घरच्या माणसासारखा म्हणाला, "मॅडम, ठसे घेऊ या ना. क्लीन आले तर सोडून द्या. कुणी बघितलंय?" ठसे स्वच्छ आलेही असते. अंगठा लागला म्हणून दर वेळी काही होतंच असं नाही. खरं सांगायचं तर बहुतेक वेळा काहीच होत नाही. तिने माझ्यासाठी डोळे त्या रेघेवर ठेवले होते, मी तिच्यासाठी एक ओळ बदलायची होती, कुठल्याही बाजारात हा सौदा रास्त ठरला असता. माझ्यापाशी आता देण्यासारखं तेवढंच होतं, आणि तेच मला देता येत नव्हतं. मी पाहिलं होतं. पेन त्याला परत दिलं. त्याने आणखी आग्रह केला नाही.

सुजाता कपडे उतरवून बाहेर आली. कपाळावर टोपाची रेघ उमटलेली, केस घामाने चिकटलेले, आणि चेहरा असा खुललेला की मला तिकडे बघवेना. "देखे, मॅडम? एक बार भी नै देखी मैं आपकी तरफ! घर में दीवार देख देखको प्रॅक्टिस करी."

"देखा," मी म्हणाले. मग सांगितलं. बायाँ ग्लोव्ह, अंगूठा बाहर लगा.

तिने आपल्या अंगठ्याकडे पाहिलं, उलटसुलट करून. "मेरेकू मालूमच नै पड्या."

"मालूम नहीं पडता."

"आपकू दिख्या?"

"दिखा."

"फिर भी हात नै हिला?"

"नहीं हिला."

मी वाट बघत होते. तिने ओरडावं, मला बोल लावावा, तुमच्यासाठी केलं आणि तुम्ही असं केलंत म्हणावं. ते मी ऐकून घेतलं असतं, जन्मभर ऐकलं असतं. तिने अंगठा पदराला पुसला. पॅकिंगच्या हॉलचं दार पॅसेजच्या टोकाला आहे, तिकडे एकदा पाहिलं. मग माझ्याकडे वळली. "तो आप पास हो गए ना, मॅडम?"

"हौ."

"चलो, अच्छा हुआ," ती म्हणाली, आणि तिला खरंच तसं वाटत होतं.

ती गेल्यावर हर्षद म्हणाला, पुढचा बोलावू या का, सगळ्यांचंच करायचंय. मी हो म्हणाले. त्याने खुर्ची उचलून नेली. आता त्याला मला बघत बसायची गरज नव्हती. काचेच्या आत एक थोराड गडी आला, मिशीवाला, माझ्याच हातून पास झालेला. मी हात पाठीमागे बांधून उभी राहिले. त्याने बाकापाशी थांबून सवयीने एकदा वर माझ्याकडे पाहिलं, जरा वेळ पाहत राहिला, आणि मग मान खाली घालून कामाला लागला.